गृहबांधणी-व्यावसायिकांची सूची : वर्ग, नाम आणि प्रमाण

१

सूची आणि कोश ही एकाच कुळातील साधने होत. दोहोंत नोंदी असतात, नोंदींना शीर्षके असतात आणि त्या शीर्षकांचा काही एक क्रम असतो. भेद इतकाच की, कोश शब्दावरून अर्थाकडे नेतो आणि सूची गरजेवरून माणसाकडे. म्हणून कोशरचनेचे जे प्रश्न आहेत ते थोड्याफार फरकाने सूचीचेही प्रश्न ठरतात. अमरकोशाची रचना वर्गानुसारी आहे. शिवकालीन राजव्यवहारकोशाचेही दहा वर्ग पाडलेले आहेत. उलट मोल्सवर्थच्या १८३१ व १८५७ च्या कोशांनी वर्णानुक्रम स्वीकारला. ज्याला शब्द ठाऊक आहे त्याला वर्णानुक्रम सोयीचा. ज्याला केवळ वस्तू ठाऊक आहे, शब्द ठाऊक नाही, त्याला वर्गच उपयोगी पडतो.

संगणकावरील सूचीने वर्णानुक्रमाचे महत्त्व जवळजवळ नाहीसे केले आहे. चौकटीत शब्द लिहावा आणि नोंदी समोर याव्यात, अशी सोय झाली. परंतु या सोयीमागे एक गृहीत आहे : शोधणाऱ्यास योग्य शब्द आधीच माहीत असतो. घर बांधू किंवा दुरुस्त करू पाहणाऱ्या गृहस्थाच्या बाबतीत हे गृहीत सहसा खरे नसते. छतातून पाणी झिरपते हे त्यास दिसते. त्यासाठी गवंडी हवा, नळकाम करणारा हवा, जलरोधक लेप देणारा हवा की संरचना-अभियंता हवा, हे त्यास कळत नाही. चुकीच्या शब्दाने शोध घेतला तर चुकीचा माणूस येतो. वरून गिलावा होतो आणि आतील लोखंड गंजतच राहते. घर ही बहुतेकांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असल्यामुळे, सूचीतील एका शब्दाची किंमत येथे अन्य कोणत्याही सूचीपेक्षा अधिक पडते.

अशा सूचीची सुधारणा कशी करावी, याचा विचार बहुधा तंत्राच्या अंगाने केला जातो. तो भाषेच्या अंगाने केल्यास काय निष्पन्न होते, हे पाहणे प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन आहे. विचारासाठी महाराष्ट्रातील सर्वांत प्रमाणभूत सार्वजनिक सूची, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या अर्थात महारेराच्या संकेतस्थळावरील नोंदी, मुख्यतः घेतल्या आहेत. खाजगी व्यापारी सूचींचा उल्लेख सामान्य स्वरूपात केला आहे.

२

प्रथम गुणांचा निर्देश करणे न्याय्य होईल. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे अमलात आला. त्यापूर्वी महाराष्ट्रात १९६३ चा सदनिका-मालकीविषयक अधिनियम होता. २०१२ चा राज्याचा गृहनिर्माण-नियमन अधिनियम नव्या केंद्रीय कायद्याने निरसित केला. जुन्या कायद्यांत प्रवर्तकावर कर्तव्ये लादलेली होती. परंतु त्याने काय सांगितले आणि काय केले, हे ग्राहकास एका ठिकाणी वाचता येत नव्हते. नव्या कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणीकृत प्रकल्पांचे अभिलेख लोकांना पाहता येतील अशा रीतीने संकेतस्थळावर ठेवणे हे प्राधिकरणाचे कार्यच ठरले. ज्यांची नोंदणी रद्द झाली किंवा ज्यांना दंड झाला अशा प्रवर्तकांची नावे व छायाचित्रेही तेथे असावीत, असे तेच कलम सांगते.

कलम ४ नुसार अर्जासोबत प्रवर्तकास आपल्या मागील पाच वर्षांतील प्रकल्पांची स्थिती, झालेला विलंब आणि प्रलंबित खटले यांची माहिती द्यावी लागते. ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधनही तेथेच आहे. कलम ११ नुसार किती सदनिकांची नोंद झाली, कोणत्या परवानग्या मिळाल्या, काम कोठवर आले, हे दर तिमाहीस अद्ययावत करावे लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत नोंदणी-क्रमांकासोबत क्यूआर कोडही छापणे महाराष्ट्रात आवश्यक झाले. त्यामुळे जाहिरातीपासून अभिलेखापर्यंतचे अंतर एका क्षणाचे उरले.

भाषेच्या दृष्टीने या सूचीचा गुण असा की, तिच्यातील वाक्ये बहुतांशी विधानात्मक आहेत, विशेषणात्मक नाहीत. 'प्रकल्प अमुक तारखेस पूर्ण होईल' हे विधान खरे किंवा खोटे ठरू शकते. 'स्वप्नातील घर' हा शब्दप्रयोग खराही ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही. व्यापारी सूची दुसऱ्या प्रकारच्या भाषेने भरलेल्या असतात. महारेराने पहिल्या प्रकारची भाषा कायद्याने सक्तीची केली. हे श्रेय मोठे आहे.

३

मात्र सूचीची व्याप्ती तपासली असता एक मोठी उणीव दिसते आणि तिचे मूळ 'बांधणारा' या कल्पनेच्या व्याख्येतच आहे. अधिनियमाने प्रवर्तकाची व्याख्या करताना बांधकाम करणारा, वसाहतकार, कंत्राटदार, विकासक अशी अनेक नामे एका ओळीत गुंफली आहेत आणि अन्य कोणत्याही नावाने तेच कार्य करणाऱ्यासही तीत सामावून घेतले आहे. नाव बदलून पळवाट काढता येऊ नये, हा या रचनेचा हेतू. हेतू स्तुत्य आहे. पण व्याख्येचा गाभा बांधणे हा नसून विकणे हा आहे. विक्रीसाठी बांधतो तो प्रवर्तक. परिणामी, गृहस्थाच्या स्वतःच्या जमिनीवर त्याचेच घर बांधून देणारा कंत्राटदार या सूचीत येत नाही. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यातील सदनिका आठांपेक्षा अधिक नाहीत, त्यालाही कलम ३ नुसार नोंदणीची आवश्यकता नाही. आणि ज्या दुरुस्तीत, नूतनीकरणात किंवा पुनर्विकासात जाहिरात, विक्री वा नवे वाटप नाही, तेही काम तेच कलम स्पष्टपणे वगळते.

मराठीतील 'बिल्डर' या शब्दाचा प्रवास याच दिशेने झालेला आहे. मूळ इंग्रजीत हा शब्द विटा रचणाऱ्यासही लागू पडतो. मराठीत तो गवंड्यास कधीही लावला जात नाही. ज्याच्या हाती भांडवल आणि भूखंड आहे त्यालाच तो लावला जातो. वृत्तपत्रांनी 'बांधकाम व्यावसायिक' हा सभ्य पर्याय रूढ केला, कायद्याच्या मराठीने 'प्रवर्तक', तर नगररचनेच्या परिभाषेने 'विकासक'. या तिन्ही शब्दांत थापी आणि ओळंबा कोठेच नाहीत. जो प्रत्यक्ष बांधतो त्याच्यासाठी शिष्ट भाषेत शब्द उरला नाही आणि म्हणूनच सूचीत रकानाही उरला नाही.

इमारत बांधकाम कामगारांची एक वेगळी नोंदणी आहे, हे खरे. केंद्रीय कायद्यान्वये १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंद कल्याणकारी मंडळाकडे होते. परंतु ती नोंद लाभ देण्यासाठी आहे. काम शोधण्यासाठी किंवा कामगार निवडण्यासाठी नाही. विकणाऱ्याची सूची एका बाजूस, मजुराची नोंदवही दुसऱ्या बाजूस आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला, आपल्या हाताखाली पाच-दहा माणसे घेऊन घर बांधणारा किंवा दुरुस्त करणारा मिस्त्री मात्र कोठेच नाही. सामान्य गृहस्थाचा संबंध मुख्यतः याच माणसाशी येतो.

४

दुरुस्तीच्या क्षेत्रात वर्गीकरणाची उणीव सर्वांत अधिक जाणवते. व्यापारी सूचींत 'रिनोव्हेशन' या एका शीर्षकाखाली सर्व काही घातलेले असते. मराठीत मात्र या क्रियांची चढती श्रेणी शब्दांनीच दाखविलेली आहे. डागडुजी म्हणजे जे आहे ते टिकविण्यापुरते काम : दर्जा भरणे, पोपडे काढून गिलावा करणे, फुटलेली फरशी बदलणे. दुरुस्ती त्याहून खोल जाते. नूतनीकरणात रूप बदलते, पण सांगाडा तोच राहतो. वाढीव बांधकामात सांगाड्यावर नवे ओझे येते. पुनर्बांधणीत जुने पाडून तेथेच नवे उभे राहते. पुनर्विकासात त्याशिवाय मालकी, क्षेत्र आणि करार हेही बदलतात. 'जीर्णोद्धार' हा शब्द देवालयांपुरता राखून ठेवलेला आहे आणि तो तसाच राहावा.

ही श्रेणी केवळ शब्दप्रेमाची नव्हे. प्रत्येक पायरीवर कायद्याची आणि सुरक्षिततेची अट बदलते. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातही राहण्यायोग्य ठेवण्यासाठीच्या किरकोळ दुरुस्त्या आणि इमारतीच्या रचनेस हात घालणारे फेरफार यांत भेद केलेला आहे. त्याच अधिनियमात तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी सांगितलेली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासासाठी कलम ७९अ खालील निर्देश ३ जानेवारी २००९ रोजी निघाले आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारले गेले. स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी एखादी भिंत काढणे गृहस्थास नूतनीकरण वाटते. ती भिंत भार वाहणारी असेल तर ते काम सांगाड्यास हात घालणारे ठरते आणि त्यास अभियंत्याची संमती लागते. सूचीने गृहस्थास आधी कामाची पायरी विचारावी आणि मग नावे दाखवावीत. आज बहुतेक सूची आधी नावे दाखवितात आणि पायरी कधीच विचारीत नाहीत.

५

वर्गांची शीर्षके कोणती असावीत, हा यापुढील प्रश्न. रूढ मार्ग कर्तृवाचक नामांचा आहे : गवंडी, सुतार, पाथरवट, बेलदार, वडार, लोहार. येथे मराठीच्या इतिहासाने एक अडचण निर्माण केली आहे. यांपैकी बहुतेक शब्द व्यवसायाचे आहेत तसेच जातीचेही आहेत. बलुतेदारीच्या व्यवस्थेत या दोन अर्थांत फरक करण्याचे कारण पडत नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथात त्या व्यवस्थेचे सविस्तर चित्र आहे. आज लाकूडकाम करणारा सुतार जातीचा असेलच असे नाही आणि सुतार आडनावाचा गृहस्थ संगणक-अभियंता असू शकतो. सार्वजनिक सूचीचे शीर्षक जातिवाचक असणे अनुचित तर आहेच, पण ते शोधाच्या दृष्टीनेही सदोष आहे. कारण व्यवसाय आणि आडनाव एकाच शोधात मिसळून येतात.

उपाय भाषेतच तयार आहे. मराठीत '-काम' हे उत्तरपद अत्यंत प्रसवशील आहे : गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम, नळकाम, वीजकाम, फरशीकाम, दगडकाम, लोखंडकाम. शीर्षक कर्त्याचे न ठेवता क्रियेचे ठेवले की जातीचा प्रश्न मिटतो, लिंगाचाही मिटतो आणि एकाच माणसास दोन-तीन शीर्षकांखाली नोंदविता येते. नवी कामेही याच साच्यात सहज बसतात. जलरोधनाचे काम, सेंटरिंगचे काम असे म्हणण्यास कोणी शिकवावे लागत नाही.

'मिस्त्री' या शब्दाचा विचार वेगळा करावा लागेल. पोर्तुगीजातून आलेला हा शब्द आज कसबाचे नाव नसून पदवी आहे. ज्याच्या नावापुढे लोक 'मिस्त्री' लावतात त्याने आपल्या कामात काही एक अधिकार मिळविलेला असतो. याच्या दुसऱ्या टोकास 'बिगारी' हा शब्द. वेठीच्या, विनामोबदला कामाचा अर्थ वाहणारा हा शब्द आज मजुरी घेणाऱ्या माणसास लावला जातो. सूचीने पहिला शब्द जपावा, कारण तो लोकांनी दिलेला आहे. दुसरा सोडून 'मदतनीस' म्हणावे, कारण त्यातील अर्थ खोटा झालेला आहे आणि अपमानाचा अंश मात्र उरलेला आहे.

शीर्षकाखाली सामग्रीचा निर्देशही हवा. कोकणात व गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांचे बांधकाम चालते, देशावर काळ्या दगडाचे, अन्यत्र विटांचे आणि सर्वत्र आता काँक्रीटचे. एका सामग्रीत निष्णात असलेला गवंडी दुसरीत तसाच असेल, असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली, ती मुख्यतः मातीत बसविलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी कोसळल्यामुळे. त्या भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधलेले नव्हते. नंतरच्या पुनर्वसनकार्यात गवंड्यांना प्रशिक्षण देण्यात आले : भिंतीच्या आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालावेत, भिंतीभोवती सलग पट्टा बांधावा, छतावरील मातीचे ओझे कमी करावे. अशा प्रशिक्षणाचा उल्लेख हा सूचीतील नोंदीचा खरा अलंकार होय. 'पंचवीस वर्षांचा अनुभव' यापेक्षा 'दगडी भिंतीत आरपार दगड घालण्याचे काम केलेले आहे' हे विधान गृहस्थाच्या अधिक उपयोगाचे आहे.

६

मापांची भाषा हा सूचीचा आणखी एक दुबळा भाग. 'चटई क्षेत्र' ही संज्ञा उदाहरणादाखल घेता येईल. अधिनियमाने सदनिकेच्या विक्रीसाठी आतील वापरण्यायोग्य क्षेत्राची व्याख्या केली आहे : बाहेरील भिंती, सेवा-नलिकांची जागा, सज्जा व उघडी गच्ची वगळावयाची आणि आतील विभाजक भिंतींची जागा धरावयाची. मराठीत यास चटई क्षेत्र म्हणतात. परंतु नगररचनेत भूखंडाच्या तुलनेत किती बांधता येईल ते दाखविणाऱ्या प्रमाणासही 'चटई क्षेत्र निर्देशांक' हेच नाव रूढ आहे आणि त्याची गणना भिंतींसह बांधलेल्या मजल्यांच्या क्षेत्रावरून होते. एकाच संज्ञेचे हे दोन अर्थ एकाच नोंदीत शेजारी शेजारी येऊ शकतात. इंग्रजीत हा घोटाळा नाही, कारण तेथे दोन वेगळे शब्द आहेत; तो मराठीकरणाने उत्पन्न केला आहे. निर्देशांकासाठी 'मजला क्षेत्र निर्देशांक' म्हटल्यास तो एका शब्दाने दूर होईल.

घर बांधून घेताना 'फुटाला दर' सांगितला जातो. हा फूट चौरस फूट असतो, पण क्षेत्र कोणते धरावयाचे, हे उच्चारले जात नाही. कंत्राटदार सहसा स्लॅबचे क्षेत्र धरतो आणि गृहस्थ मनात खोल्यांचे धरतो. वाळूचा 'ब्रास' शंभर घनफुटांचा आणि गिलाव्याचा 'ब्रास' शंभर चौरस फुटांचा, हे व्यवसायातील माणसास सांगावे लागत नाही; गृहस्थास सांगावेच लागते. त्याहूनही महत्त्वाचा भेद 'मजुरीने' आणि 'मालासकट' या दोन शब्दांत आहे. मजुरीने घेतलेल्या कामात सिमेंटच्या प्रतीची जबाबदारी गृहस्थावर राहते, मालासकट घेतलेल्या कामात ती कंत्राटदारावर जाते. या दोन शब्दांपैकी एक नसलेली दराची नोंद सूचीत छापलीच जाऊ नये.

७

नोंदीचे नाम आणि नोंदीचे प्रमाण या दोन बाबी उरतात. एकाच उद्योगसमूहाने प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी किंवा भागीदारी स्थापन करणे या व्यवसायात नित्याचे आहे. नावाने शोध घेणाऱ्यास त्यामुळे इतिहास तुटक दिसतो. एका नावाखालील विलंब दुसऱ्या नावाखाली दिसत नाही. कोशकार पर्यायशब्द परस्परांस जोडून देतो, तशीच जोडणी येथे संचालकांच्या नोंदीवरून करणे शक्य आहे. लिपीचाही प्रश्न आहे. एकच मराठी आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारांनी लिहिले जाते. मूळ नोंद देवनागरीत घेऊन रोमन रूपे पर्याय म्हणून जोडल्यास मराठी वाचकाचा शोध चुकणार नाही. हीच जोडणी सामान्य शब्दांचीही हवी : गिलावा लिहो वा प्लास्टर, गृहस्थ एकाच ठिकाणी पोहोचला पाहिजे.

प्रमाणाच्या बाबतीत शब्द आणि वस्तुस्थिती यांतील अंतर 'वास्तुविशारद' या पदनामाने चांगले दाखविले आहे. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने हे पदनाम संरक्षित केले. नोंदणी नसलेल्यास ते वापरता येत नाही. परंतु इमारतीचा आराखडा करण्याचे काम मात्र अन्य कोणास वर्ज्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. म्हणजे कायदा शब्दाचे रक्षण करतो, क्रियेचे नाही. ज्या सूचीत 'डिझायनर', 'कन्सल्टंट' अशी नावे मुक्तपणे घेतली जातात, तिने कोणते नाव नोंदणीने मिळालेले आहे आणि कोणते स्वतः घेतलेले आहे, हे प्रत्येक नोंदीत वेगळे दाखविले पाहिजे.

तारकांकित अभिप्रायांविषयी एकच मुद्दा पुरेसा आहे. काम संपले त्या दिवशी दिलेला अभिप्राय रंगाविषयी असतो, घराविषयी नसतो. महाराष्ट्रात घराची परीक्षा जून महिन्यात होते. कायद्यानेही सदनिकेतील संरचनेच्या व कारागिरीच्या दोषांसाठी ताब्यापासून पाच वर्षांची जबाबदारी ठरविली आहे. म्हणून सूचीने अभिप्राय तीनदा घ्यावा : काम संपल्यावर, पहिल्या पावसाळ्यानंतर आणि पाच वर्षांनी. आणि विचारावे ते 'समाधानी आहात काय?' असे नव्हे, तर 'गळती झाली काय, बोलावल्यावर येऊन दुरुस्ती केली काय?' असे.

८

यावर एक आक्षेप संभवतो. इतकी बारीक नोंद लहान कारागिरास झेपणार नाही. तो नोंदणीबाहेर राहील आणि मोठ्या संस्थाच सूचीत उरतील. आक्षेप रास्त आहे. किंबहुना आज तेच घडत आहे, कारण सूचींचे अर्ज संस्थेचे नाव, ईमेल आणि करक्रमांक मागतात. मिस्त्रीजवळ स्वतःचे नाव, गाव आणि केलेली घरे एवढेच असते. परंतु वर सुचविलेल्या नोंदीत मागितले आहे ते नेमके हेच. कोणते काम, कोणत्या सामग्रीत, मजुरीने की मालासकट, आणि मागील कामांची स्थिती काय : हे चार प्रश्न तोंडी विचारून कोणत्याही ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या कार्यालयात लिहून घेता येतील. कागदपत्रांची मागणी कामाच्या पायरीनुसार वाढवावी. डागडुजीसाठी जवळजवळ काहीच नको, सांगाड्यास हात लावणाऱ्या कामासाठी सर्व काही हवे.

तात्पर्य, महारेराच्या अभिलेखाने विकणाऱ्याविषयी सत्य विधाने करण्याचा पायंडा पाडला आहे. तोच पायंडा बांधणाऱ्यापर्यंत आणि दुरुस्ती करणाऱ्यापर्यंत नेणे हे पुढील कार्य होय. त्यासाठी लागणाऱ्या शब्दांपैकी बहुतेक शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत आणि गवंड्यांच्या, रंगाऱ्यांच्या व गृहस्थांच्या बोलण्यात ते आजही वापरले जातात. भाषा संचालनालयाने १९६० नंतर पदनामांची व परिभाषेची रचना केली, ती मुख्यतः शासकीय व्यवहारासाठी. बांधकामाच्या परिभाषेचा असाच एक लहान, प्रत्यक्ष कामाच्या जागी ऐकून संकलित केलेला कोश सिद्ध झाला, तर सूचीच्या सुधारणेचे निम्मे काम झाले असे समजण्यास हरकत नाही. विद्यापीठांतील भाषाविभागांनी ते हाती घेण्यासारखे आहे.